पूर्ण चार्ज केलेला हेडटॉर्च ट्रेकच्या मध्यावर का मान टाकतो?

जूनचा पहिला पाऊस पडला की रात्रीच्या ट्रेकचे बेत सुरू होतात आणि पाठोपाठ दर वर्षीची तक्रार कानावर येते. "निघताना हिरवा दिवा होता. खोक्यावर आठ तास लिहिलंय. दीड तासात उजेड निम्म्यावर आला आणि पठारावर पोचायच्या आत पार मिणमिणता झाला." तीनशे रुपयांच्या टॉर्चबद्दल हे ऐकू येतं, तसंच पाच हजारांच्या टॉर्चबद्दलही. मग माणूस नवा टॉर्च घेतो, या खेपेला जास्त ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे टॉर्चच्या एकूण उजेडाचं माप), आणि पुढच्या ट्रेकला पुन्हा तीच रड.

असे टॉर्च उघडून, तपासून पाहिले की लक्षात येतं, बहुतेकांमध्ये बिघाड नसतोच. कारणं निरनिराळी असतात, पण अंधारात लक्षण एकच दिसतं, ते म्हणजे उजेड गेला. म्हणून नवा घेण्याआधी जुन्याचं नेमकं काय होतंय ते शोधून काढा. ते कळलं की नवा कोणता घ्यायचा, किंवा मुळात घ्यायचा का, हेही ठरवता येतं.

आधी घरी एक चाचणी

टॉर्च पूर्ण चार्ज करा. रात्री न्हाणीघराचं दार लावून टॉर्च जमिनीवर ठेवा, तोंड छताकडे. अँड्रॉइड मोबाइलवर लक्स, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड, मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या आणि मोबाइल टॉर्चपासून दोन हातांवर उताणा ठेवा. दोघांच्या जागा खडूने आखून घ्या, कारण मोबाइल वीतभर सरकला तरी आकडा बदलतो. पडद्याचा उजेड कमीत कमी करा. आता तुम्ही चालताना खरोखर जो मोड वापरता त्यावर टॉर्च लावा आणि आकडे वहीत टिपत जा. पहिल्या मिनिटाचा, पाचव्या मिनिटाचा आणि मग दर अर्ध्या तासाचा. लक्सचा आकडा स्वतः कितपत अचूक आहे याची चिंता करू नका. पहिल्या आकड्याच्या मानाने पुढे किती उरला, एवढंच पाहायचं आहे.

वहीत साधारण चार तऱ्हा दिसतील.

पहिल्या काही मिनिटांत आकडा झपकन खाली आला आणि मग बराच वेळ जागचा हलला नाही, तर टॉर्चने स्वतःहून उजेड उतरवला आहे. मोठ्या मोडवर एलईडी तापतो, एवढ्याशा डब्यात ती उष्णता मावत नाही, म्हणून आतलं सर्किट दोन-तीन मिनिटांत वीज कमी करतं. हा बिघाड नाही. टॉर्चची बांधणीच तशी आहे.

पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत आकडा हळूहळू घसरतच राहिला, तर आत उजेड स्थिर ठेवणारं सर्किट नाही. सेलचा व्होल्टेज उतरेल तसा उजेड उतरतो. स्वस्त टॉर्चमध्ये हे सर्रास असतं.

आकडा स्थिर राहिला आणि मग एकदम दिवा गेला किंवा अगदी मंद झाला, तर सर्किट चांगलं आहे आणि सेल संपला आहे. तो वेळेआधी संपला का, हे पाहायला खाली एक सोपा हिशोब देतो.

आणि मध्यम मोडवर सगळं ठीक, पण मोठा मोड लावला की दिवा फडफडतो किंवा विझतो, वर चार्जिंगचा दिवा हिरवाच, असं असेल तर सेल थकलाय. हिरवा दिवा फक्त व्होल्टेज पाहतो. थकलेल्या सेलचा व्होल्टेज स्वस्थ असताना भरलेला दिसतो आणि भार पडला की कोसळतो.

खोक्यावरचे आठ तास कुठून आले?

खोक्यावरचे आकडे बहुतेक चांगल्या कंपन्या एएनएसआय एफएल-१ या अमेरिकी मानकाप्रमाणे देतात. ते २००९ साली आलं. त्याआधी ज्याला जे वाटेल ते तो छापत असे, त्यामुळे हे मानक आलं ते बरंच झालं. पण ते नीट वाचता यायला हवं. ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर तीस सेकंदांपासून दोन मिनिटांच्या आत. आणि चालण्याची वेळ मोजतात ती उजेड त्या सुरुवातीच्या आकड्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत.

म्हणजे "४०० ल्युमेन, ८ तास" याचा अर्थ असा होऊ शकतो की पहिली दोन-तीन मिनिटं ४००, मग तासभर दीडशे, मग कित्येक तास पन्नास-साठ, आणि आठव्या तासाला ४०. कंपनी खोटं बोलत नाही. वाचणारा मात्र आठ तास ४०० ल्युमेन धरून चालतो आणि अर्ध्या वाटेवर हताश होतो.

अंतराच्या आकड्याचंही तसंच. १०० मीटर म्हणजे शंभर मीटरवर पाव लक्स उजेड पडतो. हा साधारण स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्या उजेडात समोर झाड आहे हे कळतं, पण वाट कुठे फुटलीय ते कळत नाही.

खरा हिशोब वॉट-तासांचा

टॉर्चच्या सेलवर किंवा माहितीपत्रकात सेलची क्षमता एमएएचमध्ये दिलेली असते. त्याला हजाराने भागा आणि ३.७ ने, म्हणजे लिथियम सेलच्या सरासरी व्होल्टेजने, गुणा. झाले वॉट-तास, म्हणजे सेलमध्ये साठलेली एकूण वीज. १२५० एमएएचचा सेल म्हणजे साधारण ४.६ वॉट-तास. हल्लीच्या चांगल्या हेडटॉर्चमध्ये, भिंग आणि सर्किटमधलं नुकसान धरून, एका वॉटला ढोबळमानाने १०० ल्युमेन मिळतात. कुठे थोडे जास्त मिळतील, कुठे कमी, पण सॅक भरताना एवढं पुरे.

म्हणजे ४.६ वॉट-तासांच्या सेलवर १०० ल्युमेन साडेचार तास, ५० ल्युमेन नऊ तास आणि ४०० ल्युमेन तासाभराहून जरासा जास्त वेळ. यापेक्षा फार मोठं काही कुणी सांगत असेल तर ती वीज कुठून येणार, हे विचारा.

आता हे वाटेवर लावून पाहू. लोणावळ्याहून राजमाचीची वाट सुमारे १५ किलोमीटरची. बराचसा रुंद, मळलेला रस्ता, रात्रीचे चार-पाच तास. या वाटेवर ५०-६० ल्युमेन पुष्कळ होतात, आणि एक १२५० एमएएचचा सेल राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीत पोचून वर थोडा शिल्लक राहतो. हाच सेल १०० ल्युमेनवर ठेवला तर शेवटच्या टप्प्यात दगा देणार, आणि २५० वर ठेवला तर अर्ध्या वाटेतच. टॉर्च तोच, माणूस तोच, वाट तीच. फरक फक्त कुठल्या मोडवर चालला याचा.

जास्त उजेड लावला की जास्त दूरचं दिसतं हे खरं, पण त्याची किंमत चढत जाते. तोच झोत दुप्पट लांब न्यायचा तर चौपट उजेड लागतो, म्हणजे सेल चौपट वेगाने रिकामा होतो. उलट, १०० वरून ५० वर उतरलात तर डोळ्याला उजेड निम्मा झाल्यासारखं वाटतही नाही. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्यांना द्या आणि मग मोड ठरवा. निघाल्या निघाल्या, गाडीच्या दिव्यांतून बाहेर पडल्याबरोबर ठरवलेला मोड हा नेहमी गरजेपेक्षा मोठाच असतो.

इथेच एक इशारा. बाजारात ९९०० एमएएच छापलेले १८६५० सेल मिळतात. १८ मिलिमीटर जाडीच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या या नळकांड्यात खऱ्या, नावाजलेल्या कंपन्यांनाही साधारण ३५०० च्या आसपासच मजल मारता आली आहे. असा सेल सोनाराच्या काट्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ठेवा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो. तिशीत भरला तर आत नावापुरताच माल आहे, आणि त्यात जादा चार्जिंगपासून वाचवणारं सर्किट असेल याचीही खात्री नाही.

मुळात पूर्ण चार्ज झाला होता का?

टाइप-सी पोर्ट आल्यापासून ही भानगड वाढली आहे. लॅपटॉपच्या किंवा नव्या मोबाइलच्या चार्जरला, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने टॉर्च लावला, रात्रभर ठेवला आणि सकाळी रिकामाच. लोक टॉर्च फेकून देतात. दोष एवढाच असतो की टाइप-सी चार्जरला समोर वीज घेणारं काही आहे हे कळायला पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात आणि काही उत्पादक पैसे वाचवायला तेच गाळतात. ते नसले की चार्जर वीज सोडतच नाही. उपाय सोपा: एका टोकाला जुनं चपटं यूएसबी आणि दुसऱ्याला टाइप-सी अशी केबल, आणि साधा जुना चार्जर. त्या जोडीवर तोच टॉर्च मुकाट चार्ज होतो. अशी वीतभर लांबीची एक केबल पॉवरबँकेला रबरबँडने बांधूनच ठेवा. टॉर्चबरोबर जी आखूड केबल येते ती बहुधा अशीच असते, ती ड्रॉवरमध्ये हरवू देऊ नका.

पॉवरबँकेची खोड वेगळी. जोडलेली वस्तू फार थोडा करंट घेत असेल तर काही पॉवरबँका काहीच जोडलेलं नाही असं समजून बंद होतात. छोटा हेडटॉर्च आधीच थोडा करंट घेतो आणि चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात तर अगदीच नाममात्र. परिणाम, टॉर्च अर्धवट भरलेला राहतो. काही पॉवरबँकांना इअरफोनसारख्या छोट्या वस्तूंसाठी वेगळा मोड असतो, बहुधा बटण दोनदा दाबून लागणारा. तो नसेल तर ट्रेकच्या आदल्या रात्री घरच्या भिंतीवरच्या चार्जरवरच टॉर्च भरा. पॉवरबँक वाटेत भर घालायला ठेवा.

सॅकमध्येच पेटलेला टॉर्च

घरून भरलेला, पायथ्याच्या गावात काढला तेव्हा कोमट आणि रिकामा. हा प्रकार ओळखायला सोपा आहे, तरी त्याचं खापर सेलवर फुटतं. हलक्या टॉर्चची बटणं मऊ असतात आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात पाण्याची बाटली, मोबाइल, चिवड्याची पुडी असं सगळं एकमेकांवर रेटलेलं असतं. एसटीच्या धक्क्यांत बटण दाबलं जातं. बहुतेक चांगल्या टॉर्चना कुलूप असतं. कुणाचं बटण काही सेकंद दाबून धरल्यावर लागतं, कुणाची दोन बटणं एकदम दाबावी लागतात. माहितीपत्रकातलं तेवढं एक पान वाचाच. सेल निघत असेल तर तो काढून वेगळा ठेवणं सगळ्यांत खात्रीचं.

दुसरी चीज म्हणजे हात फिरवून लागणारा सेन्सर. दुकानात भारी वाटतो. कळसूबाईला बारी गावाकडून चढताना लोखंडी शिड्या लागतात. पुढची कडी धरायला हात वर गेला की तो बरोबर कपाळासमोरून जातो आणि शिडीच्या मध्यावर दिवा बंद. दुसरा हात वर गेला की परत चालू. कारवीची फांदी आडवी आली, घाम पुसायला हात कपाळावर नेला, तरी तेच. माणसाला वाटतं आत काहीतरी ढिलं झालंय. अशा टॉर्चवर सेन्सरचं बटण वेगळं असतं, ते बंद करून ठेवा. नव्याने घेत असाल तर सेन्सरवाला घेऊच नका, हे माझं अगदी स्पष्ट मत आहे.

माळ्यावर ठेवलेला सेल

आपल्याकडे ट्रेकचं सामान फेब्रुवारीत माळ्यावर जातं आणि जूनमध्ये उतरतं. मधले महिने कडक उन्हाळ्याचे, आणि पत्र्याखालचा किंवा गच्चीखालचा माळा तर नुसता भाजत असतो. लिथियम-आयन सेलला दोन गोष्टी खपत नाहीत. पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्णतेत पडून राहणं, आणि पूर्ण रिकाम्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहणं. पहिल्याने तो लवकर म्हातारा होतो. दुसऱ्याने व्होल्टेज इतका खाली जातो की संरक्षक सर्किट त्याला तोडून टाकतं आणि चार्जर लावला तरी दिवासुद्धा लागत नाही.

ठेवताना साधारण निम्मा भरलेला ठेवा, कपाटात, घरातल्या थंड जागी, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहा. आधीच निपचित पडलेला असेल तर साध्या चार्जरला लावून तास-दोन तास जवळ बसून पाहा. काही सर्किटं सुरुवातीला अगदी थोडी वीज देऊन सेलला जागं करतात. तो गरम होऊ लागला तर लगेच काढा. सुटा १८६५० सेल २.५ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिला असेल, तर त्याला जागं करायच्या फंदात पडू नका. आतलं तांबं विरघळून पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो.

झाकण उचलल्यासारखं दिसतंय, बटण आधीपेक्षा घट्ट झालंय, सांध्यातून फट दिसतेय, तर सेल फुगलाय. त्या टॉर्चचा विषय तिथेच संपवा. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. घरच्या कचऱ्यातही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला विचारा, नाहीतर शहरातल्या ई-कचरा केंद्रावर द्या.

साधारणपणे ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामा केला की सेलची ताकद मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. महिन्याला एक-दोन ट्रेक करणाऱ्याचा सेल वापरून एवढा झिजत नाही. झिजतो तो ठेवण्याच्या पद्धतीने.

पाणी

आयपीएक्स४ म्हणजे सगळीकडून उडणाऱ्या पाण्याला टिकेल. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कपाळावरच्या टॉर्चला सह्याद्रीच्या पावसासाठी आयपीएक्स४ चालतं, बशर्ते पोर्टवरचं रबरी झाकण नीट बसलेलं असावं. गडबड होते ती नंतर. ओला टॉर्च तंबूत आणून तसाच पॉवरबँकेला लावला जातो, आणि ओल्या पोर्टमध्ये वीज आली की टोकांवर हिरवट थर धरतो. मग चार्जिंग कधी होतं, कधी नाही. आधी फुंकर मारा, झटका, कोरड्या फडक्याने पुसा, रात्रभर उघडा ठेवा. सेलचे स्पर्शबिंदू काळवंडले असतील तर शाळेतल्या खोडरबराने घासा, लगेच फरक पडतो. घामाचं मीठही हेच करतं, म्हणून पट्टा काढून अधूनमधून धुवा. न धुतलेला पट्टा ढिला पडतो आणि मग टॉर्च नाकावर घसरतो.

टॉर्च ठीक आहे, तरी दिसत नाही

जुलैत हरिश्चंद्रगडाच्या पठारावर ढग उतरले की पाच फुटांपलीकडे काही दिसत नाही. लोक मोड वाढवतात आणि दिसणं आणखी कमी होतं. घाटात धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यासारखंच आहे ते. कपाळावरचा झोत डोळ्यांच्या अगदी जवळून निघतो, धुक्याच्या थेंबांवर आपटून सरळ डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. टॉर्च कपाळावरून काढा, हातात धरून कमरेच्या खाली न्या, लहान मोड लावा आणि झोत पायांच्या पुढे जमिनीवर टाका. भिंत विरते आणि वाट दिसायला लागते. हे एकदा करून पाहिलं की पटतं.

हातात धरण्याचा दुसरा फायदा उतरणीवर कळतो. कपाळावरचा उजेड आणि डोळे जवळजवळ एकाच जागी असतात, त्यामुळे दगडाची सावली दगडामागेच लपते. घसाऱ्याची वाट सपाट दिसते आणि पाऊल पायरीभर खोल पडतं. तोच टॉर्च गुडघ्याच्या उंचीवर, जरा बाजूला धरला की प्रत्येक खड्याला लांब सावली येते, उंचसखल उठून दिसतं. वाटेच्या रंगात रंग मिसळून बसलेलं फुरसंही अशा तिरप्या उजेडात लवकर ध्यानात येतं. शिडी किंवा रॉक पॅच आला की अर्थात टॉर्च परत कपाळावर, कारण तिथे दोन्ही हात मोकळे हवेत.

रंगाबद्दलही थोडं. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड झगझगीत वाटतो, पण त्यात ओली माती, वाळलेलं गवत, शेवाळलेला कातळ सगळं एकसारखं राखाडी दिसतं. ४००० ते ५००० केल्विनच्या उजेडात मळलेली वाट आणि ढोरवाट यांतला फरक सहज कळतो. मी दोनशे ल्युमेन कमी घेईन, पण उजेड या रंगाचा घेईन. लाल दिवा मात्र हवाच. तंबूत, जेवताना, नकाशा पाहताना तो डोळ्यांचा सराव मोडत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जात नाही. मे अखेरीस राजमाची किंवा पुरुषवाडीला काजवे पाहायला जाणार असाल तर तिथे पांढरा दिवा लावूच नका. काजव्यांचं एकमेकांना खुणावणं त्याने थांबतं.

मग घ्यायचा कोणता?

आता निवडणं सोपं आहे, कारण तुमच्या वाटेला किती वॉट-तास लागतात ते तुम्हाला काढता येतं.

पहाटे दोन-तीनला निघून सूर्योदयाला कळसूबाईच्या माथ्यावर, किंवा नुसतं कॅम्पिंग, एवढाच वापर असेल तर अगदी हलका टॉर्च पुरतो. नाइटकोरचा मूळ एनयू२५ हा ६१० एमएएचचा, पट्ट्याशिवाय अवघ्या २८ ग्रॅमचा. सव्वादोन वॉट-तास, म्हणजे ६० ल्युमेनवर साडेतीन तासांच्या आसपास. कपाळावर आहे हेही विसरायला होतं. पण सेल आत बंद असतो, संपला की केबल आणि पॉवरबँक हाच मार्ग.

रात्रभर चालणाऱ्या सह्याद्रीतल्या ट्रेकला माझी पसंती ७५ ते १०० ग्रॅममधल्या, दोन्ही तऱ्हेचे सेल चालणाऱ्या टॉर्चला. पेट्झलचा ॲक्टिक कोअर याचं चांगलं उदाहरण. १२५० एमएएचचा चार्ज होणारा सेल, आणि तो संपला की त्याच जागी तीन एएए सेल बसतात. एएए म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधले बारीक सेल. पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानात टाइप-सी केबल मिळणार नाही, हे सेल बहुधा मिळतात. तीन सेलांचं वजन ३५ ग्रॅमच्या आसपास. फक्त ते टॉर्चमध्ये घालून महिनोन्‌महिने ठेवू नका, अल्कलाइन सेल पाझरतात.

१८६५० चा टॉर्च सेलसकट सव्वाशे-दीडशे ग्रॅमपर्यंत जातो, पण ११ ते १२ वॉट-तास देतो. ग्रुप नेणाऱ्याने, किंवा सलग दोन रात्री चालणाऱ्याने घ्यावा. याला डोक्यावरून जाणारा तिसरा पट्टा हवाच, नाहीतर उतरणीवर दर पावलाला तो कपाळावर आपटतो.

हिमालयात डिसेंबर-जानेवारीत केदारकंठासारख्या ट्रेकला जात असाल तर हिशोब बदलतो. थंडीत लिथियम-आयन सेल आपली पूर्ण ताकद देत नाही. रात्री टॉर्च स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवा, चढाईला निघताना खिशातून काढून लावा. शून्याखालच्या तापमानात चार्ज करू नका, त्याने सेल कायमचा खराब होतो. आधी अंगाच्या उबेत आणा, मग केबल लावा. एएए चालणाऱ्या टॉर्चमध्ये एकदाच वापरायचे लिथियम सेल चालतात असं माहितीपत्रकात लिहिलं असेल, तर थंडीसाठी तेच घ्या. ते कडाक्याच्या थंडीतही टिकतात आणि अल्कलाइनपेक्षा हलके असतात.

दुकानात हातात घेऊन पाहायच्या दोन-तीन गोष्टी. डोळे मिटून बटण सापडतंय का, आणि ओल्या बोटांनी दाबलं जातंय का. टॉर्च खाली वाकवायचा सांधा टकटक करत जागेवर थांबतो की आपोआप मान टाकतो. लाल दिवा थेट लागतो की प्रत्येक वेळी मोठा पांढरा मोड ओलांडून जावं लागतं. ग्रॅमचा आकडा सेल आणि पट्टा धरून आहे का. कपाळभर पसरलेल्या एलईडीच्या पट्टीचे टॉर्च मी तरी चालायला घेणार नाही. त्यांचा उजेड टोपीच्या झडपेवर आणि चष्म्याच्या काडीवर आपटून डोळ्यांत येतो. तंबूत टांगायला ते छान.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात न्हाणीघरातली चाचणी करा आणि आकडे तारखेसह लिहून ठेवा. वॉरंटी बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांची असते आणि दुकानदार टॉर्च दोन मिनिटं लावून "चालतोय की" म्हणत परत देतो. तेव्हा नव्या टॉर्चचे आणि आताचे, त्याच मोडवरचे अर्ध्या अर्ध्या तासाचे आकडे समोर ठेवा. मध्यम मोडवर आधी साडेचार तास चालत होता आणि आता दोन तास चालतो, असं लिहून दाखवलंत की बोलणं सेल बदलून देण्यावर येतं. बिल आणि खोकं तोवर जपून ठेवा.